डावीकडची सीट

सत्तावीस वर्षं मी डाव्या बाजूला बसले.
द्वारकेच्या चौकात ट्रक आडवा आला की
उजवा पाय आपोआप चटईवर दाबला जायचा.
तिथे ब्रेक नाही हे मला ठाऊक होतं,
चटईला नव्हतं.
ती बरोबर त्या जागी झिजली.

आता पोर्तुगालात गाडी भाड्यानं घ्यायची ठरलीय
आणि तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं.
म्हणजे माझ्याच जागेसमोर.
जयवंतला काचबिंदू.
डॉक्टर म्हणाले, यांना कडेचं दिसत नाही.
तो म्हणाला, कडेला हीच तर असते.

लायसन्स माझं शहाण्णवचं.
त्यावर मी अजून शैला त्र्यंबक बोरस्ते,
पासपोर्टवर शैला जयवंत निमसे.
सीबीएसजवळ कोर्टाच्या भिंतीला टेकून बसलेल्या टायपिस्टनं
स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं
की या दोन्ही बाया एकच.
मी सही केली.
तेवढी खात्री मला नव्हती.

पेठ रोडच्या आरटीओत गांगुर्डे साहेबांनी
फॉर्म माझ्या हातून घेतला,
विचारलं मात्र जयवंतला:
कुठल्या देशात चालवणार?
जयवंत खिडकीबाहेर बघत राहिला.
बाहेर एक मुलगी स्कूटीवर आठ काढत होती,
दर वळणाला पाय टेकवत.

परवाना म्हणजे करड्या रंगाची चोपडी, वर्षभराची.
आत माझा फोटो, गुन्हा कबूल केल्यासारखा.
गाडीवाल्यांची अनामत म्हणे
चालवणाऱ्याच्याच कार्डावर अडकते,
म्हणून त्रेपन्नाव्या वर्षी
माझ्या नावाचं क्रेडिट कार्ड आलं.
उठावाच्या अक्षरांवरून
मी दोन दिवस अंगठा फिरवत होते.

मग मखमलाबाद रोडला खैरनार मास्तरांकडे गेले,
ज्यांनी मला क्लच सोडायला शिकवलं होतं.
आता त्यांना ऐकू कमी येतं.
मी ओरडून सांगितलं, पोर्तुगाल!
ते म्हणाले, पोटाला काय झालं?
निघताना मात्र दारापर्यंत येऊन म्हणाले,
चौकात जप. चौक उलटा असतो तिकडे.

खरंच की.
इथे आपण चौकाला प्रदक्षिणा घालतो,
बेट उजव्या हाताला, देवळासारखं.
तिकडे ते डाव्या हाताला ठेवायचं.
रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलाभोवती
मी अकरा उलट्या फेऱ्या मारते.
खांदा सारखा सवयीच्या बाजूला वळतो,
लहानपणी कुणीतरी पाठीत मारलेला धपाटा आठवतो.
जयवंत वाहतूक होतो.
स्वयंपाकघरातून येतो, तोंडानं हॉर्न देतो.
तिकडे हॉर्न देत नाहीत, मी म्हणते.
मग आलेलं कळतं कसं?
बघतात.
तो जरा गप्प होतो, आणि चहाचा कप घेऊन
माझ्या उजवीकडून जातो.

विमानाला नऊ दिवस.
काल रात्री जेवणं झाल्यावर पार्किंगमध्ये गेलो.
मी डावीकडे बसले, मांडीवर ताट उभं धरून.
जयवंत उजवीकडे, हातात काहीच नाही,
हात कुठे ठेवायचे ते त्याला सुचेना.
मी काय करू?
नकाशा धर. आणि बोलू नकोस.
मग भिंतीसमोर उभ्या गाडीत
मी दोन डोंगर चढले, द्राक्षांच्या पायऱ्या ओलांडल्या,
इंडिकेटर म्हणून हवेत बोट हलवलं
आणि आठवलं, या बोटावर इथे वायपर असतो.
पहिला चौक आला.
मी ताट सावकाश उजवीकडे फिरवलं.
वॉचमन जाधवमामा खुर्चीतून उठून बघत होते,
बॅटरी लावावी की नाही या विचारात.

तेवढ्यात समोरून काहीतरी आलं असावं.
मला दिसलं नाही.
जयवंतनं मात्र श्वास आत घेतला,
पाय दाबला,
आणि आमच्या मागची सगळी भिंत
लाल झाली.